भात्यावरचा संसार

झाशीचे नाव निघाले की मराठी मनापुढे प्रथम किल्ला उभा राहतो. विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तात १८५८ च्या वेढ्याची जी हकीगत लिहून ठेवली आहे, ती वाचलेल्या माणसाला त्या शहरात पाऊल टाकताच तोफांचे आवाज ऐकू आल्यासारखे वाटतात. सरकारी कामानिमित्त काही महिने झाशीस राहण्याचा योग आला, तेव्हा मीही पहिल्याच रविवारी किल्ला पाहून घेतला, राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जेथे झाला ते गणेशमंदिर पाहिले आणि मराठी माणसाचे कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात परतलो. त्यानंतरच्या रविवारी मात्र मी एका अगदी साध्या ठिकाणी जाऊ लागलो, आणि आज श्रोत्यांशी बोलावयाचे आहे ते त्या ठिकाणाविषयी.

इलाइट चौराहा हा झाशीतला मोठा गजबजलेला चौक आहे. रिक्षा, बस, स्टेशनाकडे धावणारे प्रवासी आणि चहाच्या टपऱ्या यांचा तेथे सकाळपासून एकच कल्लोळ चालू असतो. त्या कल्लोळात एक ठोका निराळा ऐकू येई. प्रथम एक हलकी टिचकी, लगेच तिच्यामागून दणदणीत घाव. पुन्हा टिचकी, पुन्हा घाव. चौकापासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला जमिनीत एक ऐरण रोवलेली होती. तिच्यापुढे एक पुरुष उकिडवा बसून सांडशीत लाल लोखंड धरून होता आणि त्याच्यासमोर उभी राहून एक बाई दोन्ही हातांनी घण घालीत होती. वय पंचेचाळिशीच्या आसपास असावे. अंगावर घेरदार घागरा, डोक्यावरून घट्ट खोचलेली ओढणी, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. प्रत्येक घावागणिक त्या बांगड्या एकदा खाली येत आणि एकदा वर जात.

मी तेथे गेलो होतो तो एक विळी घेऊन. आमच्या घरची विळी आमच्याबरोबर बदलीच्या प्रत्येक गावी हिंडलेली आहे. झाशीस आल्यावर तिचे पाते बोथट झाले आणि खिळाही ढिला पडला. उत्तरेकडे भाजी सुरीने चिरतात. विळी म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच माझ्या पत्नीचा एक सबंध दिवस गेला, आणि बाजारातल्या दोन दुकानदारांनी ते विचित्र हत्यार हातात घेऊन परत केले. या बाईने मात्र विळी उलटीसुलटी करून पाहिली, पात्यावर नख टिचकावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "लोखंड चांगले आहे. खिळा कुणी अनाड्याने ठोकलेला आहे." मग तिने भाव सांगितला. मी तो कमी करण्याचा प्रयत्न केला. तिने विळी माझ्या हातात परत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. शेवटी मी तिच्याच भावाने काम करून घेतले. येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भाव करताना मी तिच्या नवऱ्याकडे पाहत होतो आणि तो तिच्याकडे पाहत होता.

हे लोक गाडिया लोहार. मूळचे राजस्थानचे, पण राजस्थानाबाहेर मध्य प्रदेशात, बुंदेलखंडात, दिल्लीच्या परिसरात आणि उत्तर प्रदेशात त्यांच्या वस्त्या रस्त्यांच्या कडेला आढळतात. त्यांची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज चितोडच्या राणांची शस्त्रे घडवीत. १५६८ मध्ये अकबराने चितोडगड घेतला, तेव्हा त्यांनी शपथ वाहिली की, गड परत मिळेपर्यंत आम्ही गडावर पाऊल ठेवणार नाही, घर बांधून राहणार नाही, खाटेवर निजणार नाही, रात्री दिवा लावणार नाही आणि विहिरीचे पाणी काढण्यास दोर बाळगणार नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट असते ती उलटी टाकलेली. स्वातंत्र्यानंतर ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी चितोडगडावर समारंभपूर्वक या लोहारांचा प्रवेश घडवून आणला. शपथ सुटली, असे त्या दिवशी जाहीर झाले. शपथ सुटली, पण बहुतेकांची गाडी सुटली नाही. आणि त्याचे कारण शोधू लागलो की परंपरेच्या मागे दडलेला व्यवहार दिसू लागतो.

खेड्यातल्या लोहाराला वर्षभर पुरेल इतके काम प्रत्येक गावात नसते. ज्या गावाला स्वतःचा लोहार नाही, किंवा आहे पण हंगामात त्याला उरकत नाही, त्या गावाला चार दिवसांसाठी लोहार हवा असतो. तो चार दिवसांनी पुढच्या गावी गेला तरच त्याचे पोट भरणार. तेव्हा गाडी ही केवळ शपथेची खूण नव्हे. ते या धंद्याचे दुकान आहे, गोदाम आहे आणि घरही आहे. गड मिळाल्याने या गणितात काही फरक पडत नव्हता.

आपल्याकडे हेच काम घिसाडी करीत आले. लहानपणी गावाबाहेर पडलेली घिसाड्यांची पाले आणि विळे-खुरपी शेवटायला घेऊन निघालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना झाशीचा तो देखावा परका वाटणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी या नोंदीपुढे जी नावे येतात, त्यांत गाडी लोहार, राजपूत लोहार आणि चितोडी लोहार ही नावे आहेत. चितोडची आठवण अशी आपल्या सरकारी कागदावरही येऊन बसली आहे. आणि भाषेवर? आपण 'घिसाडघाई' हा शब्द रोज वापरतो. अविचाराने, गबाळेपणाने उरकलेल्या कामाला तो लावतो. इलाइट चौराह्यावर दहा मिनिटे उभे राहिल्यावर मला या शब्दाची लाज वाटली. भट्टीतून काढलेला लोखंडाचा तुकडा प्रथम पिवळसर असतो, मग नारिंगी होतो, मग तांबडा, आणि पाहता पाहता काळवंडतो. त्याला आकार देण्यास मिळतात ते काही थोडे क्षण. त्या क्षणांत जो घाई करणार नाही त्याला पुन्हा कोळसा जाळावा लागेल, आणि कोळसा विकत आणलेला असतो. तेव्हा ही घाई गबाळेपणाची नसून हिशेबाची आहे. ज्याने शब्द घडविला त्याने लांबून पाहिले असावे.

त्यांचे काम थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. कच्चा माल म्हणजे बहुधा मोटारींच्या कमानीचे जुने पाटे. ते भंगारवाल्याकडून वजनावर घेतात. कमानीचे पोलाद वाकून पुन्हा सरळ होणारे, चिवट असते. त्यात कर्बाचे प्रमाण साध्या लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक असते, म्हणून त्याला पाणी पाजले असता धार धरते. भाता आता बकऱ्याच्या कातड्याचा राहिलेला नाही; हाताने फिरवायचा लहानसा लोखंडी पंखा आला आहे. पण आपण त्याला भाताच म्हणू, कारण काम तेच आहे. तो फिरवीत होती बारा-तेरा वर्षांची मुलगी. बाप सांडशीने लोखंड धरतो आणि लहान हातोडीने टिचकी मारतो. ही टिचकी म्हणजे लोखंडावरचा घाव नव्हे. ती खूण आहे. पुढचा घाव येथे, इतक्या जोराने, असे ती सांगते. त्या खुणेवर चार-पाच किलोंचा घण नेमका पाडावयाचा, आणि दुसऱ्या खुणेपर्यंत तो पुन्हा डोक्यावर न्यावयाचा, हे काम बाईचे. घण तसूभर चुकला तर पाते वाया जाईल, आणि हातभर चुकला तर नवऱ्याचे मनगट. दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हती.

पाते घडले की ते पुन्हा तापवून पाण्यात बुडवितात. त्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग ते हलकेच पुन्हा तापवून त्याच्या कडेवर रंग चढू द्यावयाचा. प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि निळा. सुरीला एक रंग, कुऱ्हाडीला दुसरा. त्या त्या रंगावर पाते आगीपासून दूर केले की कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसतो. विज्ञानाच्या पुस्तकात या क्रियेला आकडे आहेत. येथे आकडे नव्हते. पात्याचा रंग पाहण्याचे काम ती बाईच करी, कारण नवऱ्याच्या डोळ्यांना आता सायंकाळी अंधुक दिसे. म्हणजे घण तिचा, पाणी तिचे, भाव तिचा, आणि दिवसाच्या शेवटी कमरेचा बटवाही तिचा. तरीही जातीचे नाव लोहार, आणि लोहार म्हटले की आपण पुरुष समजतो.

पुढच्या काही रविवारी मी चहाचे निमित्त करून तेथे बसू लागलो. हळूहळू तिच्या धंद्याचे पंचांग मला समजले. गहू-हरभऱ्याची कापणी येण्यापूर्वी विळे, पावसाच्या तोंडावर कुदळी आणि खुरपी, लग्नसराईत झारे, पळ्या, कढया आणि तवे, थंडीत शहर. शहरात हत्यारांपेक्षा स्वयंपाकाच्या वस्तू अधिक खपतात. पण गॅसच्या शेगड्या आल्यापासून फुंकणी कुणी विचारीत नाही आणि चिमट्यालाही पूर्वीचा मान नाही. कारखान्यात दाबून काढलेले तवे स्वस्त मिळतात. "मग तुमचा तवा कोण घेते?" असे मी विचारले. ती म्हणाली, "जिने एकदा त्यावर भाकरी भाजली ती." मग क्षणभर थांबून, "पण मुलीला सासरी पाठवताना ती नवा चकचकीतच देते," असेही तिने प्रांजळपणे सांगितले.

खेड्यात काही वेळा पैशाऐवजी धान्य मिळते. ते खाऊन उरले तर विकायचे. हातात चार पैसे शिल्लक राहिले की चांदी घ्यायची. बायकांच्या अंगावरचे दागिने पाहून आपण म्हणतो, या लोकांना नटण्याची हौस फार. पण ज्यांना कुलूप लावावयास दार नाही त्यांची पेढी अंगावरच असणार. त्या हिवाळ्यात तिच्या एका हातातले कडे नाहीसे झाले. थोरल्या मुलाच्या बायकोचे बाळंतपण दवाखान्यात झाले होते, असे मागाहून समजले. संसार आणि धंदा यांची तिची एकच वही होती, आणि ती वही तिच्या मनात होती. कोळशाचे पैसे, सुनेचे औषध, भंगारवाल्याची उधारी, धाकट्या मुलीचे पुस्तक, ही सारी कलमे एकाखाली एक. आपण नोकरदार माणसे कचेरी आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा मानतो. तिच्याकडे उंबरठाच नव्हता.

तिच्याकडे पाहताना माझ्या मनात वारंवार एक दूरचे चित्र येई. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. इंग्रजीत त्यांना जिप्सी म्हणत आले, आणि ते नाव त्यांच्यापैकी अनेकांना अपमानास्पद वाटते. हे लोक मूळचे इजिप्तचे असावेत, अशी युरोपची जुनी समजूत होती. १७८२ मध्ये रूडिगर नावाच्या जर्मन पंडिताने त्यांची बोली तपासून ती हिंदुस्थानातली आहे असे दाखविले. पुढे राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये तिचे आपल्या आर्यभाषांतले स्थान नेमके केले. आपल्याला अगत्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे, मराठी भाषेच्या घडणीवर अजोड ग्रंथ लिहिणारे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनीही १९५३ मध्ये या लोकांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ज्या विद्वानाने ज्ञानेश्वरीची भाषा कानाकोपऱ्यांतून तपासली, त्यालाच पॅरिसच्या आसपास तळ देऊन राहणाऱ्या माणसांच्या तोंडी ओळखीचे शब्द ऐकू आले असतील तर नवल नाही.

ते शब्द ऐकाच. ते मोजतात : येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. पाणी म्हणजे पानी, मीठ म्हणजे लोन, माणूस म्हणजे मानुश, केस म्हणजे बाल. विस्तव म्हणजे यग, सुरी म्हणजे चुरी. आणि लोखंडाला त्यांचा शब्द आहे सास्तिर, म्हणजे आपले शस्त्र. शस्त्र या शब्दाने ज्यांच्या भाषेत धातूचेच नाव घेतले, त्यांच्या पूर्वजांचा भट्टीशी काही संबंध असावा, असे मनात आल्यावाचून राहत नाही. मात्र सात, आठ आणि नऊ हे आकडे ग्रीक आहेत. ऐरणीचा आणि घोड्याच्या नालाचा शब्दही ग्रीक. भाषेनेच त्यांचा मार्ग असा टप्प्याटप्प्याने लिहून ठेवला आहे. अलीकडे, २०१२ मध्ये, त्यांच्या जनुकांच्या अभ्यासातूनही असे दिसून आले की, त्यांचे पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले असावेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गाडिया लोहार हे रोमांचे सख्खे भाऊबंद, असे काही उत्साही लेखक लिहितात. पण चितोड पडले त्याच्या कितीतरी शतके आधी रोमा युरोपच्या वाटेवर होते. रक्ताचे नाते सिद्ध झालेले नाही. जे साम्य आहे ते जगण्याच्या रीतीचे आहे, आणि मला ते अधिक बोलके वाटते. रोमांमध्ये काल्देराश नावाचा एक मोठा गट आहे. त्या नावाचा अर्थ कढया करणारे. पुरुष तांब्याची भांडी घडवीत, त्यांना कल्हई करीत. आणि माल दारोदार नेऊन विकण्याचे, गिऱ्हाईक जोडण्याचे, चार पैसे घरात आणण्याचे काम पुष्कळ ठिकाणी बायका करीत. चित्रपटांतून आणि कादंबऱ्यांतून आपल्याला भेटणारी जिप्सी स्त्री नाचते, हात पाहते आणि कुणाचे तरी हृदय चोरते. आपल्याकडच्या बंजारनीचेही चित्रपटांनी तेच करून ठेवले. पाठीवर भांड्यांचे गाठोडे घेऊन सकाळी निघणारी आणि संध्याकाळी पिठामिठाचा हिशेब करणारी बाई कुणाच्या गाण्यात आलेली नाही.

फिरत्या माणसाविषयी स्थिर माणसाला नेहमीच संशय वाटत आला. त्रिंबक नारायण आत्रे हे आमच्यासारखेच सरकारी नोकर होते. १९१५ मधला त्यांचा 'गावगाडा' हा मराठीतला एक थोर ग्रंथ आहे. निरीक्षण इतके बारीक की आजही थक्क व्हावे. पण फिरस्त्यांविषयी लिहिताना त्यांची लेखणी गावाच्या बाजूने उभी राहते, आणि सहानुभूतीपेक्षा तक्रारीचा सूर वर येतो. इंग्रज सरकारने तर १८७१ मध्ये कायदाच केला आणि कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सर्व भटक्यांना तो लागू झाला नाही. त्याची सावली मात्र सर्वांवर पडली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. युरोपात याहून भयंकर घडले. आजच्या रुमानियातील दोन संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते आणि १८५५–५६ मध्ये मुक्त झाले. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रोमांच्या नोंदी ठेवण्याची एक स्वतंत्र कचेरी उघडली. नावे, छायाचित्रे, बोटांचे ठसे असे सारे व्यवस्थित गोळा झाले. पुढे नाझी राजवटीला अशा याद्या आयत्याच सापडल्या. ऑश्विट्झच्या छावणीतील रोमांच्या विभागात उरलेली माणसे २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ठार मारण्यात आली. ती बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती, आणि त्यांची संख्या हजारांत होती. यादी करणाऱ्या कारकुनांपैकी कित्येकांना आपण केवळ नोंदवही नीट ठेवतो आहोत असेच वाटत असणार. कागदाशी जन्म जोडलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य लिहिताना बरे वाटत नाही.

आपल्याकडे आज दुःख उलटे आहे. तिकडे कागदावर नाव असणे जिवावर बेतले. येथे कागदावर नाव नसणे नडते. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या दोन्ही अलीकडच्या राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष मराठी होते : बाळकृष्ण रेणके, ज्यांचा अहवाल २००८ मध्ये आला, आणि त्यांच्यानंतर भिकू रामजी इदाते. देशात अशा लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक असावी, असा रेणके आयोगाचा अंदाज होता. ओळखपत्र नाही, शिधापत्रिका नाही, जमिनीचा तुकडा नाही, हीच रड दोन्ही आयोगांना ऐकावी लागली.

याचा अर्थ मला फार पूर्वी समजावयास हवा होता. नोकरीच्या आरंभीच्या काळात महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जातीच्या दाखल्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. आपल्याकडे भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. घिसाडी समाजाचा एक मुलगा आला होता. बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. बरोबर त्याची आई. तिचे तळवे मी पाहिले होते, पण ते घणाने तसे झाले आहेत हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. मुलाचे आजोबा १९६१ साली कोठे होते, असे मी विचारले. ती म्हणाली, "पावसाळ्यात होते का उन्हाळ्यात?" मला तो उद्धटपणा वाटला. वस्तुतः तिने अत्यंत नेमका प्रश्न विचारला होता. उन्हाळ्यात ते एका जिल्ह्यात असत आणि पावसाळ्यात दुसऱ्या. अर्जावर 'पुराव्याअभावी अमान्य' हा शेरा मी लिहिला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. त्या मुलाचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही.

झाशीच्या बाईला मी एकदा माझी नोकरी काय ते सांगितले, तेव्हा तिने घण खाली ठेवला. नगरपालिकेची माणसे येतात, सामान उचलून नेतात. दंड भरून ते सोडवून आणावे लागते. एकदा तर ऐरण नेली होती. ऐरण गेली की धंदा गेलाच. फेरीवाल्यांना एक कागद मिळतो असे तिने ऐकले होते. तो मिळवून द्याल का, असे तिने विचारले. ऐकले ते खरे होते. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने पथविक्रेत्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या योजनेत तर तारणाशिवाय पहिले कर्ज दहा हजार रुपयांपर्यंत मिळू लागले. आणि त्या २०१४ च्या कायद्यात एक शहाणपणाचे वाक्य आहे : विक्रेत्याने धंदा स्वतः करावा किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करावा. म्हणजे धंदा हा कुटुंबाचा असू शकतो, हे कायद्याला ठाऊक आहे. फॉर्मला मात्र ठाऊक नव्हते.

आम्ही तिघे चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसलो. ती, तिची धाकटी मुलगी आणि मी. फॉर्म मुलगीच वाचू लागली, कारण ती अधूनमधून शाळेत जात असे. अर्जदाराचे नाव. नवऱ्याचे लिहू, असे मी सहज म्हणालो. कारण ऐरणीपुढे बसणारा तो. बाई काही बोलली नाही. मुलगी म्हणाली, "पण विकते तर माँ." मी नाव खोडले आणि तिचे लिहिले. मग व्यवसाय. तिच्या आधारकार्डाच्या वेळी कुणीतरी भरलेला एक जुना कागद तिने बटव्यातून काढून दिला. त्यात तिच्या नावापुढे 'गृहिणी' असे लिहिले होते. मुलीने तो शब्द मोठ्याने वाचला. आईने अर्थ विचारला. जी घर सांभाळते ती, असे मी सांगितले. "ते तर आहेच," बाई म्हणाली, "पण कोणते घर?" आणि हसली. स्थायी पत्ता या रकान्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ अडलो. राजस्थानातल्या एका गावाचे नाव तिने घेतले. तेथे तिचे सासरे एकदा चार वर्षे राहिले होते. ती स्वतः तेथे कधी राहिली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "लिहा, इलाइट चौराहा. सगळे ओळखतात."

मी तसेच लिहिले आणि पत्रव्यवहारासाठी खाली माझ्या निवासस्थानाचा पत्ता दिला. संबंधित कचेरीत अर्ज नेऊन दिला, तेव्हा तेथल्या गृहस्थांनी स्थायी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. मीही अनेक वर्षे लोकांकडे तसेच पाहत आलो आहे, त्यामुळे त्या पाहण्याचा अर्थ मला समजला. अर्ज ठेवून घेतला एवढे खरे.

होळी झाली, आणि एका सकाळी चौकातला तो ठोका ऐकू आला नाही. चहावाल्याने सांगितले की, ललितपूरकडे कापणी सुरू व्हायची आहे, विळ्यांचे दिवस आले. परवा रात्री टेम्पो करून सारे गेले. बैलगाडी त्यांनी केव्हाच विकली होती. रस्त्याच्या कडेला राखेचे एक वर्तुळ आणि ऐरण उपटल्याचा खड्डा तेवढा होता. वैशाखात माझ्या पत्त्यावर तिच्या नावाचे एक पाकीट आले. सरकारी पाकीट कसे असते ते मला हाताला कळते. आत एकच पातळ कागद होता. प्रमाणपत्र असेल किंवा नकार असेल. दुसऱ्याचे पत्र फोडणे बरे नव्हे म्हणून मी ते तसेच चहावाल्याकडे दिले. त्याने ते टपरीतल्या हनुमानाच्या तसबिरीमागे खोचून ठेवले आणि म्हणाला, "दिवाळीनंतर येतीलच."

दिवाळीपूर्वी माझी बदली झाली. विळी आमच्याकडे आहे. खिळा अजून हललेला नाही.